मिसचा पियानो, बाबांचा कूलर

वाळ्याचा वास मिसच्या फाटकापाशीच आला. कूलरला नव्या ताट्या बसवलेल्या असणार. जुन्या ताट्यांना असा गोड वास येत नाही, त्यांना ओल्या गोणपाटाचा येतो. एप्रिल अर्धा सरला होता आणि नागपुरातल्या सदरच्या त्या मागच्या गल्लीत सकाळीच चटके बसायला लागले होते. माझ्या मागोमाग टेम्पो येऊन थांबला. त्यातून टेम्पोवाले वामनभाऊ उतरले, दोन धट्टेकट्टे हमाल उतरले, मग दोरखंड आणि जुन्या गाद्या. पियानो न्यायचा म्हणून मीच त्यांना प्रतापनगरहून बोलावून आणलं होतं, आणि तो न्यावा लागू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते.

मिसचा फोन आदल्या दिवशी आला होता. "टेम्पो घेऊन ये आणि पियानो घेऊन जा. तुला दिला." मी काही बोलायच्या आत त्यांनी ठेवूनही दिला. मिस म्हणजे माझ्या पियानोच्या मिस. नाव रूथ, पण त्यांना नावाने हाक मारणारं माणूस आता कुणी उरलेलं नाही. वय ऐंशीच्या पुढे. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय काठीपुरता सावरला, उजवा हात तेवढा मांडीवर पडला तो पडलाच. तेव्हापासून पियानोचं झाकण उघडलेलं नव्हतं. ज्या घरात सकाळच्या चहाआधी स्केल वाजायच्या, तिथे आता दिवसभर टीव्ही लागत होता, आणि मिसना टीव्हीची किती चीड होती ते मला माहीत आहे. पियानो गेला की मिसही फार दिवस काढायच्या नाहीत, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, खात्री होती.

म्हणून टेम्पोबरोबर मी आणखी एक गोष्ट आणली होती. पिशवीत स्वरलिपीची काही पानं होती, फक्त डाव्या हाताने वाजवायची एक रचना, मिससाठी बसून केलेली. त्यांना एकदा, फक्त एकदा, पियानोसमोर बसवायचं होतं. मग पुढचं पुढे बघू, अशा हिशेबाने मी आले होते.

दार सुनंदाने उघडलं. मिसची देखभाल करायला ती दिवसभर तिथे असते. "ताई, तुम्ही तरी समजावून सांगा बरं त्यांले," ती हळूच म्हणाली. "कालपासून धड जेवून नाही राहिल्या. म्हणते, पियानो गेल्यावर जेवीन."

"कुठे आहेत?"

"आंघोळ चालली आहे. बसा, मी आणतो त्यांले." आणि ती आत गेली. आमच्याकडच्या बायका 'आणतो' म्हणतात, 'करतो' म्हणतात. मुंबईत राहून माझी ती सवय मोडली, पण कानाला अजून बरं वाटतं.

मी बैठकीत एकटीच बसले. पियानो भिंतीशी होता, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर औषधांच्या बाटल्या. ते बघून मला भारी वाईट वाटलं. या पियानोवर मिसनी कधी फुलदाणीसुद्धा ठेवू दिली नव्हती. कूलर घरघरत होता आणि वाळ्याची ओली झुळूक येत होती, आणि त्या झुळकीत बसल्यावर माणसाने म्हातारं होऊन कसं चालेल.

आम्ही कोराडीला राहायचो, वीजघराच्या कॉलनीत. बाबा तिथे फिटर. कॉलनीतली सगळी झाडं राखेने करडी दिसायची. कपडे वाळत घालायच्या आधी आई ओल्या फडक्याने दोरी पुसायची, मग चिमटे पुसायची, मग आकाशाकडे बघून वारा कुठला आहे ते ताडायची, आणि तरीही बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर संध्याकाळपर्यंत बारीक राख बसायचीच. आठवड्यातून दोनदा मी बसने सदरला मिसकडे जायची. बसच्या खिडकीला डोकं टेकवलं की कोळशाच्या ट्रकच्या मागून जाताना कपाळात थरथर व्हायची, ती मला आवडायची. मी पियानोला कशी लागले ते आता कुणालाच नीट सांगता यायचं नाही. शाळेत प्रार्थनेला मिस वाजवायच्या आणि मी रांग सोडून त्यांच्या हातांकडे बघत राहायची, एवढंच आठवतं. पुढचं सगळं मोठ्या माणसांनी आपापसात ठरवलं असणार.

आईचं माहेर काटोलकडचं. तिकडून संत्र्याच्या पिशव्या यायच्या, आणि आई त्यातली चांगली, घट्ट सालीची, डाग नसलेली संत्री मिससाठी वेगळी काढायची. पिचकी आम्हाला. मिस ती संत्री एका निळ्या काचेच्या भांड्यात मांडून ठेवायच्या आणि शिकवणीभर खोलीत तो आंबटगोड वास असायचा. साल सोलली की तिचा फवारा हाताला लागायचा, म्हणून धडा संपेपर्यंत संत्र्याला हात लावायचा नाही असा नियम होता. नाताळात मिस केक पाठवायच्या, जाड कागदात गुंडाळलेला. आई तो कागद उघडून दुरून वास घ्यायची.

"अंडं असते काय वं याच्यात?"

"नाही गं आई." मी साफ खोटं बोलायची.

"मंग वास कायचा येऊन राहिला?" असं म्हणत आई एक तुकडा मोडायची, मग दुसरा. बाबा पेपरामागे हसायचे. त्यांना माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं, असं मला आता वाटतं.

घरी पियानो कुठला यायला. पियानो ही घरी आणायची वस्तू आहे, हे आमच्या कॉलनीत कुणाला पटलंच नसतं. बाबांनी एक लांब प्लायवूडची फळी आणली, मिसच्या पियानोवर दोरी ठेवून माप घेतलं आणि फळीवर पट्ट्या रंगवल्या, पांढऱ्या आणि काळ्या, ऑइलपेंटने. रंग वाळेपर्यंत ते तिच्याभोवती पहारा देत फिरत होते. त्या फळीवर मी रोज संध्याकाळी रियाज करायची. सूर नाही, काही नाही, नुसती टकटक. आई शेजारी सुपात तांदूळ निवडत बसायची. मी अडखळले की तिचा हात थांबायचा.

"काहून वं, चुकली ना?"

"तुला काय कळतं? आवाज तर येतच नाही."

"तुले नाही येत. मले येऊन राहिला. मघा चांगली सरळ चालली होती, आता लंगडून राहिली."

तिचं बरोबर असायचं आणि म्हणूनच मला फार राग यायचा. मी उगाच आणखी जोरात टकटक करायची. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, सुतार आला काय हो घरी. ती फळी पुढे वाळवीने खाल्ली. कधी, ते कळलंसुद्धा नाही. पावसाळ्यानंतर माळ्यावरून खाली काढली तर बोट लावताच भुगा झाला. आईने तो भुगा केराच्या सुपलीत भरला आणि बराच वेळ टाकला नाही.

उन्हाळा मात्र मिसच्या घरातलाच आठवतो. मे लागला की मिस पियानोच्या खालची फळी काढून आत एक पितळी वाटी पाण्याने भरून ठेवायच्या. आमच्याकडच्या कोरड्या झळांनी लाकूड आकसतं, पट्ट्या खुळखुळायला लागतात, म्हणून आतल्या हवेला जरा ओल. वाटीशेजारी मलमलच्या पुरचुंडीत कडुनिंबाचा पाला आणि कापूर, कसर लागू नये म्हणून. फळी काढली की आतून जो वास यायचा, लोकर, कापूर, जुनं लाकूड आणि थंड पितळ यांचा, तो मला आजही कुठे मिळत नाही. मुंबईत मी पुष्कळ पियानोंच्या पोटात डोकं घालून पाहिलं.

एकदा बाबा मला घ्यायला आले असताना मिस वाटी भरत होत्या. बाबा उकिडवे बसून आत बघू लागले. पियानोला ते शेवटपर्यंत पेटीच म्हणाले.

"हे पाणी कायले, मिस?"

मिसनी समजावून सांगितलं. बाबा वाटीकडे बघत राहिले. "एवढुशा वाटीनं काय होते?" ते म्हणाले, आणि परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं की ते असेच गप्प व्हायचे. पुढचे काही दिवस घरात पत्रा कापल्याचा आवाज, मोटरीचं ग्रीस आणि आईची कटकट. मग सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या माणसाच्या जीपमधून बाबांनी मिसच्या घरी कूलर नेला. कपाटाएवढा. स्वतःच्या हाताने केलेला, तिन्ही बाजूंनी कोवळ्या वाळ्याच्या ताट्या बसवलेला. त्यांनी तो पियानोच्या अगदी लगतच्या खिडकीत बसवला, तोंड पियानोकडे. नागपुरात मे महिन्यात कुणावर जीव असला तर त्याला कूलर लावून देतात, यापलीकडे माया काय असते.

"आता पाहा, मिस," बाबा घाम पुसत म्हणाले. "तुमच्या पेटीले सिमल्याची हवा."

"थँक्यू, फार सुंदर," मिस म्हणाल्या. बाबांनी पियानोच्या अंगावर तळवा फिरवला, जसा गायीच्या पाठीवर फिरवतात.

आठवड्याच्या आत पियानो फुगला. खिडकीकडच्या, म्हणजे उजव्या हाताच्या वरच्या पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहायच्या. मिस चमच्याच्या दांडीने एकेक उचलायच्या आणि ती पुन्हा बसायची. सूर लावणारा ट्यूनर मुंबईहून यायचा, तोही हिवाळ्यात. मिस बाबांना चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट बाबा मला घ्यायला यायच्या वेळेला त्या उठून कूलर लावायच्या, आणि बाबा फाटकाबाहेर पडले की बंद करायच्या. आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती घरघर थांबलेली मला ऐकू यायची. बाबांना ती कधी ऐकू आली नाही. ते प्रत्येक वेळी पियानोला हात लावून म्हणायचे, "कशी थंडगार आहे पाहा," आणि मिस म्हणायच्या, "हो ना." मला हसू आवरायचं नाही. मिस टेबलाखालून माझ्या पावलावर पाऊल देऊन ठेवायच्या.

तर तो उन्हाळा डाव्या हाताचा गेला. "उजव्याला सुट्टी," मिसनी जाहीर केलं. "डावा तुझा आळशी आहे. त्याला लाव कामाला." डावा हात एकटा वाजवणं हे शिक्षाच. वर चाल नाही, गोडवा नाही, नुसती खालची घरघर. मिस आत पोळ्या लाटायला गेल्या की मला कंटाळा यायचा आणि कंटाळलेला हात आपलं आपण काहीतरी करायला लागायचा. कोराडीला कोळशाच्या वाघिणी यायच्या, त्यांची ती दणादण, पुढच्या वाघिणीचा धक्का मागचीला, तिचा तिच्या मागचीला. बोटं तशी वर चढायची, खाली यायची, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि थांबावंसंच वाटायचं नाही.

एकदा मिस पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"कोळशाची गाडी, मिस."

त्या दारात उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. "गाडी स्टेशनात लाव," त्या म्हणाल्या, "आणि स्केल घे."

पुढे कॉलेजात असताना कुणाच्या तरी घरी एक कॅसेट ऐकली आणि मी उडालेच. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत, रेल्वेच्या रुळांशेजारी राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनी हेच केव्हाचं वाजवून ठेवलं होतं. त्याला बूगी-वूगी म्हणतात. डाव्या हाताने एकच चाल न थकता फिरवत राहायची आणि उजव्याने तिच्या डोक्यावर बसून वाट्टेल तो वांडपणा करायचा. मला वाटलं, कुणीतरी माझ्या कॉलनीचं नाव घेतलं.

पण मिसना माझ्याकडून हे नको होतं. त्यांना मी जुन्या युरोपियन उस्तादांचं संगीत वाजवायला हवं होतं, मोठ्या सभागृहात, काळ्या साडीत. त्यांना स्वतःला जे जमलं नाही ते. त्यांनी मला मुंबईला धाडलं, ओळखीच्या बाईंकडे शिकायची सोय केली. स्टेशनवर आई डोळे पुसत होती, बाबा बर्थखाली ट्रंक साखळीने बांधत होते आणि मिस खिडकीतून सांगत होत्या की पेडलवर पाय ठेवून झोपी जाऊ नकोस. मी खूप वर्षं शिकले. परीक्षा दिल्या, सभागृहात वाजवलं. वाईट वाजवत नव्हते. पण नुसतं वाईट न वाजवून त्या जगात भागत नाही, हे मला कळायला लागलं होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

मग पोटापाण्यासाठी एका हॉटेलच्या लॉबीत दुपारच्या चहाला वाजवायची नोकरी धरली. हळू, गोड, कुणाच्या गप्पांच्या आड न येणारं. एका दुपारी कुणाचं तरी लहान मूल येऊन पियानोपाशी कंटाळून लोळायला लागलं. त्याला बघून माझा डावा हात सुटला. ते मूल उठून बसलं, मग उभं राहिलं, मग नाचायला लागलं. कपबशा घेऊन चाललेला वेटर ताल धरून चालायला लागला. त्या दिवसापासून मी तेच वाजवत राहिले. हॉटेलं, लग्नं, जहाजावरच्या पार्ट्या. लोक मला बूगीवाली बाई म्हणायचे आणि मला आवडायचं. फोनवर आई विचारायची, "लोकं जेवतात अन् तू वाजवते? ऐकते तरी काय वं कोणी?" मी म्हणायची, पाय हलतात आई त्यांचे. "मंग ठीक आहे," ती म्हणायची.

मिस मला ऐकायला एकदाच आल्या. नागपुरातल्या एका हॉटेलात नाताळाच्या आठवड्यात मी वाजवत होते. मिस रेशमी साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून, पहिल्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. समोरचा केक त्यांनी उष्टावला नाही. मी जीव तोडून वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, शाळेतल्यासारखी. "डावा हात बरा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "रिक्षा मिळेल ना इथे?" त्या वाक्यावर मी किती वर्षं घालवली असतील, देवाला ठाऊक. स्तुती होती की समाचार, ते मिसनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

पन्नाशीनंतर फिरायचा कंटाळा आला. बाबा गेले, मग आई गेली, आणि बाबांनी निवृत्तीनंतर प्रतापनगरात घेतलेल्या घरात मी राहायला आले. आता बालनाट्यांना, माहितीपटांना संगीत देते. श्रेयनामावलीत नाव इतकं शेवटी येतं की तोवर लोक चप्पल शोधत असतात. पण सकाळी चहा घेऊन बसावं, सूर सुचावा, तो खोडावा, पुन्हा लिहावा, हे सुख आहे. दर नाताळाला मी मिसकडे जायची. त्या विचारायच्या, सध्या काय लिहितेस. मी वाजवून दाखवायची. त्या "हं" म्हणायच्या. आमचं छान चाललं होतं.

"आणलास टेम्पो?"

मी दचकून वर पाहिलं. सुनंदाचा हात धरून मिस बाहेर आल्या होत्या. केस ओले, पांढरा सुती गाऊन, उजवा हात गाऊनच्या खिशात घातलेला, म्हणजे सुनंदाने घातलेला. त्या पियानोकडे पाठ करून खुर्चीत बसल्या.

"आणला," मी म्हटलं.

"मग उचला. बघत काय बसलीस?"

"मिस, आधी एक बघून घ्या." मी पिशवीतून पानं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "फक्त डाव्या हाताचं आहे. तुमच्यासाठी."

त्यांनी चष्मा मागितला. पियानोशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, पेपर वाचावा तशी त्यांनी माझी रचना वाचली. पानं उलटताना एक खाली पडलं, ते मी उचलून दिलं. मी हात मागे बांधून उभी होते. या वयात.

"सगळं सावकाश," त्या म्हणाल्या. "सगळं खाली खाली उतरत जाणारं. हे तू माझ्यासाठी लिहिलंयस का माझ्या मयतीसाठी?"

"मिस, असं काय बोलता?"

"रडत रडत लिहिलंयस, दिसतंय मला. मी मेले नाही अजून. माझी दया करायला घरात सुनंदा आहे, डॉक्टर आहे, चर्चची सगळी मंडळी आहे. तू नको करूस." त्यांनी पानं माझ्या हातात दिली. "बोलाव त्या टेम्पोवाल्याला."

मला राग आला. खूप आला. दोन महिने मी त्या पानांवर बसले होते, आणि बाईंनी उभ्या उभ्या निकाल लावला. त्याहून जास्त राग याचा की त्यांचं खरं होतं. मी दारात जाऊन वामनभाऊंना आत या म्हटलं.

वामनभाऊंनी औषधाच्या बाटल्या बाजूला केल्या, पियानोला एका बाजूने उचलून वजन अजमावलं. "भारी आहे, ताई. हे झाकण बांधून घ्या लागन, नाहीतर वाटेत आपटत जाईन." त्यांनी झाकण उघडून बिजागरी पाहिली. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. इतक्या महिन्यांनी त्यांना उजेड लागला आणि मला राहवलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "एकदा वाजवते. मग बांधा."

मी स्टूल ओढलं आणि डावा हात टाकला. विचार केला नाही, ठरवलं नाही, रागात माझ्या हाताला जे येतं ते आलं. बूगी-वूगीची खालची चाल, नुसती तीच, जोरात, पेडलबिडल काही नाही. पियानो बेसूर झाला होता, त्याने काही अडत नव्हतं. वामनभाऊंचा पाय हलायला लागला. हमाल उंबऱ्यात येऊन उभे राहिले, एकाच्या खांद्यावर दोरखंड तसाच. मी थांबले नाही. थांबले की बांधायचं होतं.

"करंगळी कुठे टेकवतेस?"

मिस बोलल्या होत्या, पियानोकडे पाठ करूनच.

"काय?"

"ऐकू येत नाही? करंगळी. तेच तेच इतका वेळ वाजवतेस आणि हात भरून येत नाही, म्हणजे कुठेतरी तो विसावा घेतोय. कुठे?"

मी सांगायला लागले. त्या म्हणाल्या, तोंडाने नको. आणि काठी मागितली. सुनंदा धावली, मी उठले, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना स्टुलावर बसवलं. मी शेजारी खुर्ची घेतली, उजवीकडे. मिसनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला. त्यांनी चाल सुरू केली आणि ती फारच शहाण्यासारखी निघाली, एकेक सूर इस्त्री केलेला. मध्येच अडली. पुन्हा सुरू केली. मी त्यांची करंगळी हलकेच उचलून जिथे टेकवायची तिथे टेकवली. त्यांच्या हाताला साबणाचा वास होता. मग केव्हातरी ती चाल फिरायला लागली, सावकाश, जड, पण फिरायला लागली, आणि मिस खाली मान घालून तिच्यामागे गेल्या.

मला वाटलं, वरचे सूर मोकळे पडलेत, बिचारे. मी माझा उजवा हात पुढे केला आणि चालीवर चार सूर घातले.

"हात काढ," मिस म्हणाल्या. "तिथे माझा आहे."

मी हात काढला. मिस वाजवत राहिल्या. त्यांचा उजवा हात खिशातून निघून मांडीवर पडलेला होता आणि वरच्या पट्ट्या तशाच पांढऱ्या, रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघताना मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही. मिसच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कपाळावर आठ्या होत्या, कारण चाल पुन्हा अडली होती.

वामनभाऊ बराच वेळ थांबले. मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, घाई नाही. पण दुपारून मले बुटीबोरीले मशीन उतरवाले जायचं आहे. हे उचलायचं का नाही तेवढं सांगून द्या."

"काय उचलायचं?" मिसनी मान न वळवता विचारलं. "शिकवणी चालू आहे, दिसत नाही का?"

वामनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी हमालांना खूण केली आणि ते गाद्या उचलून बाहेर गेले. सुनंदा डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, ताटाचा आवाज आला. मिस दमल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि उजव्यावर ठेवला.

"गुरुवारी चार वाजता ये," मग त्या म्हणाल्या.

"काय आणू, मिस? आधी काय वाजवून घेऊ?"

"तू काय वाजवणार? मी वाजवणार. हे मला येत नाही आणि तुला येतं, तर तू शिकवायचं." त्यांनी माझा हात ओढून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला. "आणि नखं कापून ये. असली नखं वाढवलेल्या शिकवणारीला मी माझ्या पियानोला हात लावू देत नाही."